पिठाच्या पोत्यांचा पायगुण

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास चंडीगढच्या एका बाजारामागील पार्किंगमध्ये शंभर-सव्वाशे माणसे एका मोटारसायकलभोवती हात जोडून उभी होती आणि मोटारसायकल सुरू झाली. एरवी मोटारसायकल सुरू होते तेव्हा कोणी हात जोडत नाही. बाजार कोणत्या सेक्टरचा, ते मी मुद्दाम सांगत नाही. तेथील दुकानदार सज्जन आहेत आणि त्यांतल्या एकाने पुढे मला पिठाची पोती दिली.

चमत्कार करणाऱ्या पुरुषाचे नाव ऊर्जानाथ महाराज. वय पन्नाशीचे, दाढी नीट विंचरलेली, अंगावर भगवी शाल, पुढ्यात हातभर लांबीची पितळी पेटी. बंद पडलेली गाडी मालकाने ढकलत आणावयाची. महाराज सीट उघडवीत, डोळे मिटीत आणि पेटीतून दोन जाड धागे बाहेर ओढीत, एक लाल आणि एक काळा. शालीच्या आडोशाने धाग्यांची टोके बॅटरीला लावून ते गर्दीकडे वळत.

"बॅटरी में सीसा है. सीसे में शनि बैठा है. तेजाब में राहु है. अब बताओ, गाड़ी चलेगी कैसे?"

सीसा म्हणजे शिसे आणि तेजाब म्हणजे आम्ल; ती बॅटरीत असतात एवढे खरे होते. मग महाराज काही संस्कृत पुटपुटत. मी संस्कृत शिकले आहे, त्यामुळे ते संस्कृत नव्हते हे मी सांगू शकते. मालक बटण दाबी, इंजिन धडधडे आणि गर्दी जयजयकार करी. शेवटी उतारा असा, की अर्धा तास न थांबता गाडी चालवावी आणि तोवर इंजिन बंद करू नये. दुसऱ्या दिवशी गाडी एका बटणात सुरू होई आणि मालक पुढच्या शनिवारी मिठाई घेऊन येई. दक्षिणा ऐच्छिक होती, पण ती देण्याची इच्छा सर्वांनाच होत असे.

मी तेथे गेले ती श्रद्धेने नव्हे. माझी सून उर्मिला मला घेऊन गेली.

आमचे घर चंडीमंदिरच्या छावणीत आहे. नातू अंशुमन सैन्यात मेजर, त्याची पत्नी ऋजुता मोहालीच्या एका संस्थेत औषधांवर संशोधन करते, उर्मिला ही अंशुमनची आई, आणि चौथी मी. घर अंशुमनच्या नावावर मिळालेले आहे आणि माझ्या शिस्तीवर चालते.

मे महिन्यात साताऱ्यास अंशुमनचे लग्न झाले आणि जूनमध्ये त्याची देवळालीहून येथे बदली झाली. सामान मी स्वतः बांधून घेतले. कर्नलसाहेबांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या नोकरीत मी एकोणीस बदल्या पाहिल्या आणि एकाही बदलीत माझा एकही नग हरवला नाही. कारण साधे आहे. लोक नगांवर कागद चिकटवतात किंवा रंगाने आकडे घालतात. कागद भिजतो, रंग खरवडून जातो. मी तुपाच्या डब्याच्या पत्र्याचे बिल्ले कापते, त्यांवर खिळ्याने आकडा ठोकते आणि तांब्याच्या तारेने ते नगाला पिळून बांधते. या वेळी बावन्न नग होते. एकोणतिसावा नग मोटारसायकल. रेल्वेच्या नियमाप्रमाणे तिचे पेट्रोल काढले, बॅटरीच्या तारा सोडल्या, तिला गोणपाटात शिवले. येथे पोचल्यावर बावन्नच्या बावन्न नग उतरले. बिल्ले मात्र एक्कावन्न जमा झाले. एक प्रवासात गळून पडला, असे मी ठरवले.

देवळालीत चार वर्षे त्या मोटारसायकलने एकदाही तक्रार केली नव्हती. येथे जुलैपासून ती बंद पडू लागली, आणि बंद पडण्याची तिची एक पद्धत होती. अंशुमन एकटा कार्यालयात गेला की गाडी व्यवस्थित जाई आणि येई. ऋजुताला मागे बसवून मोहालीला सोडावयास गेला की पाऊण तासाने संस्थेच्या फाटकाशी पोचे, इंजिन बंद करी, आणि मग गाडी पुन्हा सुरू होत नसे. दिवा मिणमिणे, हॉर्न खोकल्यासारखा वाजे. नव्या गाडीला किक नाही, त्यामुळे सैन्यातला मेजर फाटकावरच्या पहारेकऱ्यासह गाडी ढकली.

"यार, तुला बघून ही लाजते," असे अंशुमन बायकोला एकदा म्हणाला. थट्टा त्याने केली आणि विसरला. उर्मिलाने ती जपून ठेवली.

बॅटरी दोनदा नवी घातली. मेकॅनिकने दोन्ही वेळा सीट काढून मीटर लावला, इंजिन चालवून पाहिले आणि सांगितले की चार्जिंग एकदम पक्के आहे, गाडीत काही दोष नाही. हे वाक्य आमच्या घरात फार महागात पडले. गाडीत दोष नसेल तर तो कोठे आहे, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

उत्तर दसऱ्याच्या दिवशी मिळाले. सकाळी गाडीला हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला, आणि नवराबायको गाडीवरून महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला शहरात गेली. आम्ही दोघी शेजाऱ्यांच्या मोटारीतून मागोमाग गेलो. येथे आपट्याची पाने मिळत नाहीत, म्हणून मंडळाची माणसे कचनारची, म्हणजे कांचनाची, पाने सोने म्हणून वाटतात. ती वाटून झाल्यावर सगळे बाहेर आले आणि सर्वांदेखत गाडी सुरू होईना. हार तसाच, ऋजुता नव्या पैठणीत गाडी ढकलते आहे, आणि आमच्या शेजारीण शशिकलाताई उर्मिलाच्या कानाशी लागून म्हणाल्या, "मी म्हणत नाही हो, पण पायगुण म्हणून काही असतंच ना."

ज्यांना म्हणावयाचे नसते, त्या पुष्कळ म्हणून जातात.

उर्मिलाविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण तिला मूर्ख समजणे सोपे आहे आणि ती मूर्ख नाही. नऊ वर्षांपूर्वी माझा मुलगा विजयकुमार छातीत कळ येऊन गेला. त्या सकाळी पुण्याच्या घरासमोर आमची मोटार उभी होती आणि ती सुरू झाली नाही. उर्मिला वीस मिनिटे किल्ली फिरवीत होती. रिक्षा येईपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून वाहन सुरू न होणे हा तिच्या दृष्टीने यंत्राचा प्रश्न राहिलेला नाही. तिचा मुलगा रोज वाहन चालवतो.

त्यामुळे ती ऊर्जानाथ महाराजांकडे गेली. महाराजांनी फक्त विचारले, "कब बंद होती है, माताजी?" उर्मिलाने सगळे सांगितले. निदान तिनेच केले. महाराजांनी ते डोळे मिटून तिला परत सांगितले. घरात आलेल्या मुलीच्या पत्रिकेत शनी वक्री असून ती मागे बसली की तो बॅटरीत उतरतो. उपाय दोन. एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी मुलीने गाडीसह यावे, सर्वांसमोर गाडीपुढे डोके टेकून आपला दोष कबूल करावा. आणि नंतर अडीच महिने माहेरी राहावे, कारण शनीला अडीच या आकड्याची आवड आहे.

ऋजुताचे प्रयोग निम्म्यावर आले होते. प्रयोगशाळेतील उंदरांना अडीच महिने थांबा असे सांगता येत नाही. ती गेली असती तर दोन वर्षांचे काम वाया जाऊन जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असती. तिने हे सासूला एकदाच शांतपणे सांगितले. उर्मिला तितक्याच शांतपणे म्हणाली, "काम पुन्हा मिळेल गं. माणूस मिळत नाही." अंशुमन बुटांना पॉलिश करीत राहिला. तो शत्रूसमोर बोलतो, आईसमोर बोलत नाही.

त्या पहिल्या शनिवारी मी गर्दीत उभी राहून चार गाड्या पाहिल्या, त्या या कारणाने. मंत्राकडे माझे लक्ष नव्हते. मी जन्मभर विणकाम केले आहे, म्हणून धाग्यांकडे होते. पहिल्या तीन गाड्यांत काळा धागा बॅटरीच्या उण्या टोकाला गेला आणि लाल अधिकच्या टोकाला. चौथ्या गाडीत बॅटरी उलट बाजूने बसवलेली होती. महाराजांनी क्षणभर वाकून पाहिले आणि हात ओलांडून धागे एकमेकांवरून नेले. काळा पुन्हा उण्या टोकावर. शनी मोठा ग्रह आहे, पण त्याला अधिक-उणे इतके काटेकोर पाळावे लागते हे मला नवे होते.

घरी आल्यावर मी ऋजुताला स्वयंपाकघरात बोलावले आणि विचारले, की एखादे औषध एकाच रोग्याला बाधते असे कोणी म्हणाले, तर तुम्ही काय करता.

"आधी बघतो, आजी, की खरंच औषधानं बाधलं, की औषध देताना सोबत आणखी काही होत होतं." ती शेंगा सोलत होती. सोलता सोलता तिचा हात थांबला. "आजी, मेकॅनिकनं मोजलं तेव्हा सीट काढली होती."

"मग?"

"म्हणजे मागे कोणी बसलेलं नव्हतं. बसूच शकत नव्हतं. गाडी ज्या स्थितीत बिघडते, त्या स्थितीत ती कोणी मोजलेलीच नाही."

मी उठून ट्रंकेतून कर्नलसाहेबांचा मीटर काढला. साहेब सैन्याच्या वाहनदुरुस्तीच्या शाखेत होते. त्यांचा मीटर काट्याचा आहे, आकड्यांचा नाही, आणि त्याची काच अजून शाबूत आहे कारण तो माझ्याकडे असतो. अंशुमनने बॅटरीच्या दोन टोकांना दोन लांब तारा जोडून त्या सीटखालून बाहेर काढून ठेवल्या, म्हणजे सीट बंद ठेवून मोजता येईल. तो लगेच अंगणात मोजू म्हणाला. मी नको म्हटले. ज्या गर्दीसमोर या मुलीला डोके टेकवावयाचे ठरले आहे, त्याच गर्दीसमोर मोजणी होईल. घरातल्या मोजणीवर शशिकलाताईंचा विश्वास बसणार नाही आणि उर्मिलाचाही.

ऋजुताने मीटर हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "आणि तिथं माझ्या एकटीच्याच वेळी काटा उतरला तर?"

"तर उतरला असे म्हणू. मोजावयाचे ठरवले की आवडता आकडा मागता येत नाही."

तिने मान हलवली. त्या रात्री ती जेवली नाही, हे मी पाहिले.

पुढच्या शनिवारी नवराबायको गाडीवरून आली, आम्ही दोघी टॅक्सीने. पार्किंगमध्ये पोचून अंशुमनने इंजिन बंद केले आणि अपेक्षेप्रमाणे गाडी मेली. गर्दी पूर्वीपेक्षा मोठी होती. शशिकलाताई दोन मैत्रिणींसह आल्या होत्या. महाराजांनी ऋजुताला पुढे बोलावले, जमिनीवर लाल वस्त्र पसरले आणि पेटीतून धागे काढले.

मी पुढे झाले. म्हातारीला गर्दी वाट देते. या वयाचे जे थोडे फायदे आहेत, त्यांतला हा एक. मी हिंदीत म्हटले, की माझ्या देवघरातला लाल आणि काळा धागा मी आणला आहे, महाराजांनी कृपा करून तो वापरावा.

"माताजी, ये सिद्ध नहीं है."

तर मग आपलेच धागे वापरा, मी म्हटले, पण या वेळी काळा इकडे आणि लाल तिकडे लावा. शनी सर्वव्यापी आहे. त्याला बाजू बदलल्याने काय फरक पडणार?

महाराजांनी पेटीवर हात ठेवला. "उल्टा करने से अनर्थ हो जाएगा."

"अनर्थ किसका, गाड़ी का या पेटी का?"

गर्दीत कोणीतरी हसले. मला धागा बघू द्या, असे म्हणून मी काळ्या धाग्याचे टोक हातात घेतले आणि पर्समधली शिवणाची कात्री काढली. पीळ साधा होता, एका टाक्यात उसवला. काळ्या धाग्याच्या आत काळे रबर होते, रबराच्या आत तांब्याची तार, आणि टोकाला चिमटा. लाल धाग्यात तेच, लाल रबरात. तेवढ्यात पिठाच्या दुकानाचे मालक, एक धिप्पाड सरदारजी, पुढे झाले आणि त्यांनी पितळी पेटीचे झाकण उघडले. आत मखमलीवर एक काळी चौकोनी वस्तू होती. तिच्यावर चार हिरवे दिवे लुकलुकत होते.

"ये तो जंप स्टार्टर है," सरदारजी म्हणाले. "मेरे ट्रक में भी पड़ा है."

मग मी गर्दीला सांगितले, आणि वाचकांनाही तेच सांगते. ही एक लहान बॅटरी आहे. दुसऱ्याची बॅटरी उतरली असेल तर हिच्या विजेने गाडी सुरू होते. एकदा सुरू झाली की इंजिन स्वतःच वीज तयार करते आणि गाडीची बॅटरी भरते. त्यासाठीच अर्धा तास न थांबता फिरावयाचा उतारा. आठ दिवस उभी राहिलेली, थंडीने गारठलेली गाडी एवढ्याने बरी होते. शनी येत नाही आणि जात नाही. तारा उलट जोडल्या तर अनर्थ होतो, हे मात्र महाराज खरे बोलले.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. लोक हसू लागले होते, महाराज शाल आवरू लागले होते. पण उर्मिला हसत नव्हती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मराठीत, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आई, पेटीत बॅटरी होती, मान्य. हा माणूस लबाड आहे, तेही मान्य. पण गाडी हिच्याच वेळी का मरते, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही."

प्रश्न बरोबर होता. लबाडाची लबाडी उघडी पडली म्हणून त्याने ज्याच्यावर बोट ठेवले तो निर्दोष ठरत नाही. ऋजुता लाल वस्त्राजवळ तशीच उभी होती. तिच्यावरचा आरोप एक तसूही हलला नव्हता.

गाडी सुरू करावयास पाहिजे होती आणि बॅटरी मेलेली होती. तेव्हा आम्ही महाराजांचीच पेटी जोडली, अंशुमनने बटण दाबले आणि गाडी सुरू झाली. पेटी प्रामाणिक होती. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

पेटी काढली. सीट बंद केली. बाहेर काढलेल्या तारांना मीटर जोडून तो मी पेट्रोलच्या टाकीवर सर्वांना दिसेल असा धरला. अंशुमन पुढे बसून इंजिनाचा वेग एकसारखा ठेवीत होता. पाच मिनिटांनी काटा चढत चौदावर स्थिर झाला. मी सांगितले की चौदा व्होल्ट म्हणजे बॅटरी भरते आहे. बाराच्या आसपास म्हणजे भरत नाही, फक्त खर्च होते आहे, आणि दिवसाही जळणारा पुढचा दिवा ती पाऊण तासात रिकामी करील.

"बस," मी ऋजुताला म्हटले.

ती मागे बसली. काटा चौदावरून सरकला, तेरा ओलांडला आणि बाराच्या खाली जाऊन थांबला.

गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला. शशिकलाताईंनी मैत्रिणीकडे पाहिले. शाल आवरणाऱ्या महाराजांचे हात थांबले आणि ते म्हणाले, "देख लिया?" उर्मिलाने डोळे मिटले. ऋजुता खाली उतरली, तसा काटा पुन्हा चौदावर गेला. ती पुन्हा बसली, पुन्हा बारा. तिचा आवाज मात्र प्रयोगशाळेतला होता.

"आजी, आता माझ्या वजनाचं, पण मी नसलेलं काहीतरी हवं."

मी सरदारजींकडे वळले. त्यांना दोनदा सांगावे लागले नाही. दहा-दहा किलोंच्या पिठाच्या पाच पिशव्या त्यांनी दोन पोत्यांत घातल्या आणि स्वतः उचलून मागच्या सीटवर आणून ठेवल्या.

काटा बाराच्या खाली गेला.

पोती उतरवली, चौदा. पोती चढवली, बारा. तीनदा केले, कारण ऋजुताने तीनदा करावयास सांगितले. मग मी गर्दीला विचारले, की हे पीठ गव्हाचे आहे, याची पत्रिका कोणी पाहिली आहे काय, आणि याला अडीच महिने कोणाच्या माहेरी पाठवावे.

हसणे सुरू झाले ते पिठाच्या दुकानापासून आणि शशिकलाताईंपर्यंत पोचले. सरदारजींनी महाराजांना खांद्याला धरून फार आदराने मागच्या सीटवर बसवले. काटा पोत्यांच्या वेळेपेक्षाही खाली उतरला. महाराजांचे वजन अधिक असल्याने त्यांचा पायगुणही अधिक होता.

आता सीट काढून पाहणे भाग होते. मागे वजन पडले की खाली काहीतरी दाबले जात होते. अंशुमनने सीट उचलली आणि तिच्या पाठीमागच्या भागाखाली बोट घातले. तेथून इंजिनाकडून येणाऱ्या पिवळ्या तारांची जुडी जाते. याच तारांतून बॅटरीकडे वीज येते. त्या जुडीला काहीतरी बांधलेले होते. वजन पडले की त्याची धार एका पिवळ्या तारेच्या रबरात शिरे आणि मागची बाजू गाडीच्या लोखंडाला टेके, आणि वीज बॅटरीकडे जाण्याऐवजी लोखंडात जाई. वजन उठले की पुन्हा ठीक. मेकॅनिक सीट काढी तेव्हा तर दाबणारे काहीच उरत नसे. तो बिचारा दरवेळी खरेच मोजत होता, पण दरवेळी निरोगी गाडी मोजत होता.

"आजी," अंशुमन म्हणाला. त्याने ती वस्तू माझ्या हातात दिली.

तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा बिल्ला होता. तांब्याची तार माझ्या पद्धतीने पिळलेली. वर खिळ्याने ठोकलेला आकडा: एकोणतीस.

गोणपाटाच्या बाहेर लावलेला बिल्ला चोर काढून नेतो, म्हणून तो आत, सीटखाली, हाताला न लागेल अशा जागी मी स्वतः बांधला होता. आणि एक बिल्ला कमी भरला तेव्हा कोणता आकडा नाही ते न पाहता तो प्रवासात गळाला असे मीच ठरवले होते. पाहिले नव्हते, ठरवले होते. लग्न आणि बदली एका महिन्याच्या अंतराने आली. या घरात नवी सून आली, तसा गाडीबरोबर हा बिल्लाही आला. आम्ही सर्वांनी सून पाहिली. बिल्ला कोणी पाहिला नाही.

तीनशे डोळे माझ्याकडे लागलेले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी चारचौघांत चूक कबूल केल्याचे माझ्या घरात कोणाला आठवत नाही, आणि तशी वेळ आली नव्हती असे मी इतके दिवस समजत होते. मी बिल्ला वर धरला आणि प्रथम हिंदीत व मग शशिकलाताईंसाठी मराठीत सांगितले, की हा दोष माझ्या हातचा आहे. या मुलीचा नाही, गाडीचा नाही, ग्रहाचा नाही. माझा.

मग मी ऋजुताकडे वळून म्हटले, "माझे चुकले."

ती म्हणाली, "आजी, तो बिल्ला मला द्याल? संस्थेत माझ्या टेबलावर ठेवते."

महाराज या गडबडीत निघून गेले. पेटी विसरले. ती सरदारजींनी पोलिसांकडे दिली.

पिवळ्या तारेला अंशुमनने नवे रबर चढवले आणि सीट बसवली. ऋजुता मागे बसली, काटा चौदावर राहिला आणि ती दोघे मोहालीला गेली, कारण उंदरांची वेळ झाली होती. आम्ही दोघी टॅक्सीने परत निघालो. शहर मागे पडल्यावर उर्मिलाने विचारले, "आई, मग त्या दिवशी आपली मोटार का सुरू झाली नाही?"

माझ्याजवळ खोटे उत्तर तयार करण्याइतकी बुद्धी आहे. परंतु त्या सकाळी मी एकदा खरे बोलले होते आणि ते जमले होते.

"मला माहीत नाही. तेराव्यानंतर ती आपण विकून टाकली. कोणी उघडून पाहिली नाही. कोणी मोजली नाही."

ती रडली. नऊ वर्षांत प्रथमच ती माझ्यासमोर रडली, आणि मी तिचा हात धरला. त्या संध्याकाळी ऋजुता घरी आली तेव्हा दारात उर्मिला उभी होती. तिने ऋजुताच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "आधी जेव. गेल्या आठवडाभरात तू नीट जेवली नाहीस, मला दिसत होतं."

वाचकांना माझे सांगणे एवढेच. यंत्र बिघडले, मूल आजारी पडले, पीक गेले, की कोणाचा तरी चेहरा पुढे येतो आणि बहुधा तो घरात नव्याने आलेल्या बाईचा असतो. त्या चेहऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी मोजा. ज्या स्थितीत बिघाड होतो त्याच स्थितीत मोजा. माणसाच्या जागी पिठाचे पोते ठेवून पाहा. आणि मोजताना स्वतःच्या हातचे काम वगळू नका, हे मी अधिकाराने सांगते. आमच्या घरात यापुढे सामान बांधताना बिल्ल्यांची मोजणी ऋजुता करील. मी तिला तसे सांगितले आहे आणि तिने ते मान्य केले आहे.